डॅशबोर्डवरचे उद्गारचिन्ह

कविता लिहिणाऱ्याने उद्गारचिन्ह जपून वापरावे, असे आमच्या पिढीला शिकवले गेले. मोटारी बनवणाऱ्यांनी मात्र ते थेट डॅशबोर्डवर आणून बसवले आहे. घोड्याच्या नालेसारखी पिवळी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह. टायरमधल्या हवेची खबर देणारा हा दिवा. कारखान्यातली माणसे या यंत्रणेला 'टीपीएमएस' म्हणतात.

मी निगडीला राहतो. पिंपरीपासून चाकणपर्यंत मोटारी बनतात, टायर बनतात, सुटे भाग तर गल्लोगल्ली बनतात. तरीही हा दिवा लागला की शेजारीपाजारी निदान एकच ऐकू येते, "सेन्सर गेलाय, लक्ष देऊ नका." दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली गाडीही मी पाहिली आहे. हीच गाडी पुढे किवळ्याहून द्रुतगती मार्गाला लागते. हवा कमी असलेला टायर वेगात सारखा दबतो, उसळतो, आतून तापत जातो आणि एखाद्या क्षणी फाटतो. म्हणून सेन्सर खरोखर गेला आहे की हवा गेली आहे, हे आधी ओळखता आले पाहिजे.

ओळखणे अवघड नाही. बहुतेक गाड्यांत दिवा लागून स्थिर राहिला, तर हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर तो मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर यंत्रणाच आजारी आहे. नेमके हे लुकलुकणे कुणी पाहत नाही, कारण त्या मिनिटात आपण पट्टा लावत असतो, आरसा ठीक करत असतो.

डिसेंबर-जानेवारीत आणखी एक गंमत होते. पहाटे दिवा लागतो, दुपारी आपोआप विझतो. तापमान २० अंशांनी वाढले की टायरमधला दाब साधारण ३ पौंडांनी वाढतो. मुळातच कमी हवा असलेले चाक पहाटेच्या गारठ्यात मर्यादेखाली जाते, उन्हात पुन्हा वर येते. दिवा विझला म्हणून चाक बरे झाले असे नव्हे. हवा मोजायची ती टायर थंड असताना, निदान तीन तास गाडी उभी राहिल्यावर. आकडा चालकाच्या दारापाशी चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा टायरच्या कमाल सहनशक्तीचा, तो भरायचा नसतो.

या यंत्रणेच्या दोन जाती आहेत. एका जातीत सेन्सर नसतोच. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते, म्हणून जास्त वेळा फिरते. ब्रेकच्या यंत्रणेतली चाकांचा वेग मोजणारी उपकरणे हा फरक पकडतात. अशा गाडीत हवा भरल्यानंतर रीसेटचे बटण दाबावे लागते. पण पुष्कळ जण हवा न भरताच बटण दाबतात. गाडी बिचारी त्या कमी हवेलाच बरोबर समजून बसते आणि पुढे गप्प राहते. चारही चाकांची हवा सारखीच उतरली, तर ही जात बऱ्याचदा फसते.

दुसऱ्या जातीत प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला सेन्सर बसवलेला असतो. तो दाब मोजून रेडिओलहरींनी कळवतो. आकाशवाणीवर बोलणाऱ्या माणसाला त्याच्याविषयी आपुलकी वाटणारच! त्याचा सेल साधारण ५ ते १० वर्षे टिकतो आणि सहसा बदलता येत नाही, सेन्सरच नवा घ्यावा लागतो. चारही एकाच दिवशी बसवलेले, त्यामुळे वयोमानाने एक गेला की बाकीचे फार मागे राहत नाहीत. नवा बसवला की त्याची ओळख गाडीच्या संगणकाला करून द्यावी लागते. ते राहिले तर दिवा लुकलुकतच राहतो. सेन्सर नसलेली स्टेपनी लावली तरी तेच.

मोशीजवळ नाशिक रस्त्यावर एक पंक्चरवाला आहे. तो मला म्हणाला, "चाचा, निम्मे सेन्सर आमच्यासारखेच तोडतात." टायर उतरवताना पाते व्हॉल्व्हजवळ घातले की आतला सेन्सर तुटतो. तो स्वतः व्हॉल्व्हपासून लांबून सुरुवात करतो. तेव्हा टायर काढायला देताना आत सेन्सर आहे, हे आपणच आधी सांगावे.

या दिव्यामागे माणसांचे जीव आहेत. फायरस्टोनच्या सदोष टायरांमुळे फोर्ड एक्स्प्लोरर गाड्या उलटून अमेरिकेत दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर २००० साली तिथे कायदा झाला आणि २००७च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात २०१४ साली सर्व नव्या मोटारींना ती लागू झाली. आपल्याकडे २०२०च्या नियमाने वेगळीच वाट धरली. ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि ही यंत्रणा असेल, तर छोट्या प्रवासी गाडीला स्टेपनी दिली नाही तरी चालते.

म्हणून नवी गाडी घेतलेल्यांनी एकदा डिकी उघडून पाहावी. स्टेपनीच्या जागी छोटा पंप आणि चिकट द्रवाची बाटली असेल, तर त्या गाडीत दिवा लुकलुकत ठेवून बोरघाटात उतरू नये. आणि तो द्रव टायरमध्ये सोडावाच लागला, तर पुढच्या दुकानात टायर उतरवून सेन्सर पुसून घ्यावा. त्याचे छिद्र बुजले, की हवा बरोबर असूनही तो चुकीची खबर देतो.