समुद्राचं पाणी गोडं करण्याआधी काय काय करतात? आणि आपल्या मासळीचं काय?



समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प आता आपल्या किनाऱ्यापर्यंत आलेत. भरूच जिल्ह्यात दहेजला रोज 10 कोटी लिटरचा आहे, कारखान्यांसाठी. मुंबईत मनोरीला महापालिकेने रोज 20 कोटी लिटरचा ठरवला, पुढे 40 कोटींपर्यंत वाढवता येईल असा. 2021 मध्ये त्यासाठी इस्रायलच्या आयडीई कंपनीला सल्लागार नेमलं. तिथल्या कोळी बांधवांनी लगेच विचारलं, आमच्या मासेमारीचं काय? तोच प्रश्न आपलाही आहे.

सगळे बोलतात ते परत सोडलेल्या जास्त खाऱ्या पाण्याबद्दल. पण पाणी आत घेऊन साफ करतात, तो भाग कोणी समजावून सांगत नाही. म्हणून आज तेवढंच.

घरातलं आरओ मशीन आठवा. आधी गाळणीची कॅन्डल, मग मेम्ब्रेन. कॅन्डल वेळेवर बदलली नाही तर मेम्ब्रेन बाद. समुद्रावर तेच, फक्त फार मोठं. एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम मीठ, ते अडवायला 55 ते 70 बार दाब लागतो, म्हणजे गाडीच्या टायरच्या पंचवीस-तीस पट. अशा पडद्यावर चिखल बसला की काम संपलं.

आणि आपल्या खंभातच्या आखातात चिखलाला काय तोटा? तापी, नर्मदा, मही, साबरमती सगळ्या इथेच गाळ आणतात. उधाणाच्या दिवसांत पाणी चहासारखं होतं, हे तांडेलांना सांगायला नको. म्हणून इथे आधीची सफाई जास्त करावी लागते.

आपली डोल तोंडाशी मोठ्या आसाची आणि खोल्याकडे बारीक होत जाते ना, ही सफाई तशीच असते:

1. आधी जाळ्या. कचरा, जेलीफिश, मोठी मासळी तिथे अडते.
2. क्लोरीन. बोटीच्या बुडाला जे कवचाचे जीव चिकटतात, तेच पाइपातही चिकटतात, म्हणून.
3. फेरिक क्लोराइड. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तसं. बारीक गाळाचे गोळे होऊन तळाशी बसतात. तेल किंवा शेवाळ जास्त असेल तर बारीक बुडबुडे सोडून ते वर आणतात आणि काढतात.
4. वाळूचे थर, किंवा अल्ट्राफिल्ट्रेशनच्या नळ्या.
5. शेवटी 5 मायक्रॉनचं फिल्टर. त्याआधी-नंतर औषध टाकून उरलेलं क्लोरीन मारतात, कारण क्लोरीन मेम्ब्रेन खातं. क्षार बसू नये म्हणूनही औषध असतं.

एवढं करूनही निसर्ग ऐकत नाही. 2008-09 मध्ये ओमान आणि अमिरातीच्या समुद्रात लाल शेवाळ पसरलं. मासळी मेली आणि पाण्याचे प्रकल्पही बंद ठेवावे लागले. म्हणजे मासळीला जे वाईट, ते प्रकल्पालाही वाईट. स्वच्छ समुद्र दोघांनाही हवा.

आता आपला हिशोब. 100 लिटर खारं पाणी घेतलं तर गोडं मिळतं 40 ते 45 लिटर. मनोरीसारख्या 20 कोटी लिटरसाठी रोज 45 ते 50 कोटी लिटर समुद्र आत ओढावा लागेल. मोठी मासळी जाळीपाशी ओढ हळू असेल तर पळून जाते. अंडी आणि बारीक पिल्लं पळत नाहीत. ती जाळीतून आत जातात आणि क्लोरीन, फिल्टर यांतून वाचत नाहीत. आज दिसत नाही, पण पुढच्या हंगामात खोल्यात दिसू शकतं.

दुसरं म्हणजे गाळ. फिल्टर उलटं पाणी मारून धुतात. ते फेरिकवालं तांबूस पाणी तसंच समुद्रात सोडायचं, की गाळ वेगळा करून जमिनीवर न्यायचा? दोन्ही करता येतं, फरक खर्चाचा आहे.

आम्ही प्रकल्पाच्या विरोधात नाही. बर्फाला आणि बोटीवर प्यायला गोडं पाणी आपल्यालाही लागतं. पण किनाऱ्यावर असा प्रकल्प आला, तर सीआरझेडच्या परवानगीआधी आपण हे विचारायचं:

• पाणी कुठून घेणार? तिथे डोलीच्या जागा किंवा पिल्लांची जागा आहे का?
• जाळीपाशी पाण्याचा वेग किती? सेकंदाला 15 सेंटीमीटरच्या आत असेल तर मासळीला सुटता येतं.
• वाळूखालून पाणी घेता येईल का? कॅलिफोर्नियात 2015 पासून शक्य तिथे तेच आधी बघावं लागतं. आपल्या चिखलाच्या तळाला ते जमेल का, हे तपासून कागदावर द्या.
• फिल्टर धुतलेलं पाणी आणि गाळ कुठे जाणार?
• अंड्या-पिल्लांची मोजणी आधी आणि नंतर कोण करणार, आणि आकडे आपल्याला दाखवणार का?

हे पाच प्रश्न मोबाइलमध्ये जपून ठेवा. घरातल्या बायामाणसांनाही वाचून दाखवा, बाजारात मासळी कमी झाली की आधी त्यांनाच कळतं. कुठे सर्व्हेवाले, मशीन किंवा नवे बॉये दिसले तर जागा आणि तारीख सोसायटीत कळवा. आम्ही नोंद ठेवतो.

— सेक्रेटरी, आपली सोसायटी