घड्याळाचे आणि तिकीट खिडकीचे इंग्रजी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे दौंड–मनमाड लोहमार्गावरचे स्थानक आहे. १८७८ मध्ये सुरू झालेल्या या मार्गाने दौंड, अहिल्यानगर किंवा मनमाड गाठताना मराठीवर भागते. परराज्यात, मोबाइलवरच्या संदेशात आणि आरक्षणाच्या तिकिटावर मात्र इंग्रजी समोर येते. हे इंग्रजी मोजकेच आहे. त्याची भीती बसते ती काही गैरसमजांमुळे.

गैरसमज: तिकीट काढायला अस्खलित इंग्रजी लागते.
वस्तुस्थिती: महाराष्ट्रात तिकीट मराठीत किंवा हिंदीत मागता येते. इंग्रजीत मागायचे असल्यास संख्या आणि ठिकाण पुरते: ‘टू टिकिट्स टू मनमाड, प्लीज’. हे बोलणे तुटकही नाही आणि चुकीचेही नाही. इंग्रजी भाषकही असेच बोलतात. फलाट विचारण्यासाठी ‘विच प्लॅटफॉर्म?’ एवढे पुरेसे आहे.

गैरसमज: इंग्रजीत वेळ सांगण्याची रीत मराठीपेक्षा अगदी निराळी आहे.
वस्तुस्थिती: सव्वा, साडे, पावणे या तिन्हींना इंग्रजीत जोड आहे. सव्वापाच म्हणजे ‘क्वार्टर पास्ट फाइव्ह’, साडेपाच म्हणजे ‘हाफ पास्ट फाइव्ह’, पावणेसहा म्हणजे ‘क्वार्टर टू सिक्स’. दीड आणि अडीच यांना वेगळे शब्द नाहीत. ‘हाफ पास्ट वन’, ‘हाफ पास्ट टू’ म्हणावे. हेही अवघड वाटल्यास सरळ आकडे वाचावेत: ‘फाइव्ह फॉर्टी-फाइव्ह’. तेही तितकेच शुद्ध आहे.

गैरसमज: दुपारचे बारा म्हणजे बारा एएम.
वस्तुस्थिती: प्रचलित वापरात दुपारचे बारा म्हणजे बारा पीएम आणि मध्यरात्रीचे बारा म्हणजे बारा एएम. रेल्वेच्या वेळापत्रकात हा घोळ उरत नाही, कारण तेथे चोवीस तासांचे घड्याळ चालते. दुपारी एकपासून पुढच्या तासांतून बारा वजा करावेत: १७:४५ म्हणजे सायंकाळचे पावणेसहा.

गैरसमज: शनिवारी रात्री पाऊण वाजताच्या गाडीचे आरक्षण शनिवारच्या तारखेचे असते.
वस्तुस्थिती: पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, रेल्वेची तारीख मध्यरात्री. त्यामुळे ००:४५ ला सुटणाऱ्या या गाडीसाठी रविवारची तारीख द्यावी लागते. तारखेची ही चूक झाली, तर प्रवासी स्थानकावर पोहोचतो तेव्हा त्याच्या तिकिटाची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

गैरसमज: ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतला फरक कानाला कळतच नाही.
वस्तुस्थिती: ‘थर्टी’मध्ये जोर पहिल्या भागावर असतो, ‘थर्टीन’ सुटे उच्चारले की जोर शेवटी येतो आणि ‘टीन’ लांबते. ‘फिफ्टी’ आणि ‘फिफ्टीन’चेही तसेच. शंका आल्यास ‘वन-थ्री ऑर थ्री-झिरो?’ असे अंक सुटे करून विचारावे.

गैरसमज: आरएसी आणि वेटिंग एकच.
वस्तुस्थिती: आरएसी तिकिटावर आरक्षित डब्यातून प्रवास करता येतो. निदान बसायला जागा मिळते; बाजूचा खालचा बर्थ सहसा दोघांत वाटून दिला जातो. वेटिंगला जागेची हमी नसते. ई-तिकिटावरचे सर्वच प्रवासी चार्ट तयार होईपर्यंत वेटिंगवर राहिले, तर तिकीट आपोआप रद्द होते आणि ठरावीक शुल्क वजा करून पैसे परत मिळतात. स्वतंत्र जागा पक्की झाल्याची खूण म्हणजे ‘कन्फर्म्ड’ हा शब्द.