विद्युत्-गिटारीचा पिकअप : एका निवडीची कैफियत

अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे सरकारदप्तरी परवापरवापर्यंत अहमदनगर या नावाने नोंदलेल्या जिल्ह्याच्या, पश्चिम अंगाला अकोले तालुक्यात राजूर हे गाव आहे. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय, डांगी जनावरांचे प्रदर्शन आणि भंडारदऱ्याकडे जाणारा रस्ता, या तीन गोष्टींमुळे ते परक्या माणसालाही ऐकून ठाऊक असते. त्याच रस्त्याने पुढे गेले म्हणजे १९१० साली हाती घेतलेले आणि १९२६ साली पुरे झालेले प्रवरेवरचे विल्सन धरण लागते, आणि त्याच्याही पलीकडे, सह्याद्रीच्या ऐन कड्याशी, घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प लागतो, जेथे प्रत्येकी १२५ मेगावॉट शक्तीची दोन जनित्रे २००८ सालापासून कामाला जुंपलेली आहेत. मायकेल फॅरडे याने १८३१ साली जो नियम प्रयोगाने सिद्ध केला, की चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले असता त्यातील तारेच्या वेटोळ्यात विद्युत्-दाब उत्पन्न होतो, त्याच नियमावर ही जनित्रे चालतात. आणि विद्युत्-गिटारीच्या तारांखाली बसवलेला, तळहातावर सहज मावणारा पिकअपही त्याच नियमाचा ताबेदार असतो. एकाच कायद्याच्या या दोन टोकांमध्ये जो व्यवहार चालतो, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे जो तंटाही चालतो, तो ध्यानात घेतल्यावाचून पिकअपची निवड शहाणपणाची होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

राजूरच्या एखाद्या हौशी तरुणाने तयार गिटार विकत न घेता ती मागणीबरहुकूम घडवून घेण्याचे ठरवले, तर लाकूड, दांडा, पडदे, खुंट्या या साऱ्यांबाबत त्याला पाहून-चाचपून निर्णय करता येतो. पिकअपच्या बाबतीत मात्र वाद्य अस्तित्वात येण्यापूर्वीच, म्हणजे नाद कानांवर पडण्यापूर्वीच, त्याला आपली पसंती कळवावी लागते, कारण धडात पिकअपसाठी जी खोबण कोरायची तिचे मोजमाप सुताराला आधी हवे असते. मिरजेतील परंपरा याच्या नेमकी उलट आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या ज्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांच्या निर्मितीत लौकिक मिळवला, आणि ज्यांच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांच्या कारखान्यात जवारी काढण्याचे काम अगदी शेवटी होते. गायक समोर बसून ऐकतो, खुली हवी की बंद हे सांगतो, आणि कारागीर घोडी घासत जातो. विद्युत्-गिटारीत जवारीचे काम पिकअप करतो, आणि ते काम आधी ठरते. जे ऐकून ठरवता येत नाही ते विचाराने ठरवावे लागते; त्या विचाराची साधने वाचकांपुढे मांडावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

या उपकरणाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. गिटारीचा आवाज वाद्यवृंदातील शिंगांपुढे लोपतो ही तक्रार अमेरिकेत जुनीच होती. ती दूर करण्यासाठी जॉर्ज बोशाँ या हवाईयन गिटार वाजवणाऱ्या गृहस्थाने अडॉल्फ रिकनबॅकर याच्या सहकार्याने, नालाच्या आकाराची दोन चुंबके तारांभोवती बसवून, एक विद्युत्-गिटार सिद्ध केली व ती १९३२ साली बाजारात आणली. तिच्या एकाधिकारासाठी १९३४ साली केलेल्या अर्जावर १९३७ च्या ऑगस्टमध्ये सनद मिळाली. म्हणजे पहिली यशस्वी विद्युत्-गिटार ही मांडीवर आडवी ठेवून, लोखंडी कांडी सरकवून वाजवायची होती, आणि हिंदुस्थानातील श्रोत्यांनीही हवाईयन गिटारीचाच आवाज प्रथम आपलासा केला. पुढे लिओ फेंडर याने १९५० च्या सुमारास अखंड लाकडाच्या धडाची व १९५४ साली तीन पिकअपची गिटार आणली; आणि आपल्याकडे १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटात भूपिंदर सिंग यांनी वाजवलेल्या गिटारीने तो नाद खेड्यापाड्यांतील ध्वनिक्षेपकांपर्यंत पोहोचवला.

परंतु मराठी मुलखाचा पिकअपशी खरा परिचय गिटारीतून झाला नाही. तो झाला बेंजोतून. लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत आपण जो बेंजो ऐकतो त्याचे कूळ अमेरिकेतले नसून जपानातले आहे. नागोया येथे मोरिता गोरो याने १९१२ साली, टंकयंत्रासारख्या कळा दाबून तारा वाजवण्याचे ताइशोगोतो नावाचे वाद्य निर्माण केले, आणि तेच हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, त्यांच्यावर उतरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, डाव्या हाताखाली गोल कळांची रांग आणि उजव्या हातात नखी, अशी त्याची रचना असते. मूळ आवाज इतका नाजूक, की शेजारच्या खोलीतही तो जेमतेम जावा. पण आपल्या वादकांनी तारांखाली पिकअप बसवून त्याची तार ध्वनिवर्धकाला जोडली, आणि ताशा, ढोलक व ऑक्टोपॅड यांच्या गदारोळातही सूर धरून ठेवणारे वाद्य तयार झाले. रवी जाधव यांनी २०१६ साली 'बँजो' या हिंदी चित्रपटात नायक म्हणून उभा केला तो अशाच वादकाला. तेव्हा ज्या गावाने वरातीतला बेंजो ऐकला आहे, त्या गावाला चुंबक-वेटोळ्याच्या नादाची पारख आधीपासूनच आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

बेंजोवरून एक भौतिक मर्यादाही लक्षात येते. चुंबकीय पिकअपला हवेतला आवाज ऐकू येत नाही. त्याला केवळ चुंबकाने आकर्षिली जाणारी धातूची तार कळते. पोलादाची तार कंप पावली की तिच्याखालचे क्षेत्र हेलकावते व वेटोळ्यात दाब उमटतो. पितळेची तार कितीही झंकारली तरी तो जवळजवळ मुकाच राहतो. ज्यांना नायलॉनच्या तारांची गिटार हवी असेल त्यांना म्हणूनच दाबाला प्रतिसाद देणाऱ्या स्फटिकाच्या पिकअपकडे वळावे लागते.

आता पिकअपच्या अंतरंगाकडे वळू. सहा तारांखाली सहा दंडगोल चुंबके, किंवा खाली आडवे चुंबक व वर सहा लोखंडी स्क्रू, आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली, इनॅमलचा लेप दिलेली तांब्याची तार, एवढाच त्याचा सरंजाम. तालुक्याच्या गावी पाण्याच्या मोटारींचे वाइंडिंग करणारा कारागीर असतो. वेढे मोजणे, ताण सांभाळणे, टोके डाखणे हे सारे त्याला पाठ असते. फरक असतो तो तारेच्या जाडीचा. पंख्याच्या मोटारीतली तार साधारण ०.२ मिलिमीटर जाडीची असते, तर पिकअपची तार ०.०६३ मिलिमीटर, म्हणजे बहुधा माणसाच्या केसाहूनही बारीक. अशा तारेचे सुमारे ८,००० वेढे एका साध्या पिकअपवर बसतात. उलगडली तर ती एक किलोमीटरहून लांब भरेल. हाताला किंचित हिसका बसला की ती तुटते, आणि वेढे सैल राहिले तर मोठ्या आवाजात पिकअप स्वतःच किंचाळू लागतो. त्यासाठीच तयार वेटोळे वितळलेल्या मेणात बुडवून काढण्याची रीत आहे.

विक्रेते पिकअपची थोरवी किलोओहमच्या आकड्याने सांगतात, आणि गिऱ्हाईकही जितका रोध अधिक तितका आवाज दांडगा असा हिशेब करते. हा हिशेब अर्धाच खरा आहे. तांब्याचा रोध तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. म्हणजे थंडीच्या पहाटे ६ किलोओहम दाखवणारा पिकअप, पंधरा अंशांनी तापलेल्या मे महिन्याच्या दुपारी ६.३ च्या पुढे दाखवील, पण त्याचा स्वभाव बदललेला नसेल. स्वभाव ठरतो तो वेटोळ्याच्या प्रवर्तकतेने आणि तिच्याशी जुळणाऱ्या केबलच्या धारकतेने. या दोहोंच्या संयोगाने एका विशिष्ट कंप्रतेपाशी नाद उंचावतो आणि त्यापुढे झपाट्याने ओसरतो. अडीच हेन्रीचा एकेरी पिकअप आणि नेहमीच्या लांबीची केबल घेतली तर ते शिखर ४,००० हर्ट्झच्या आसपास येते व आवाज लखलखीत होतो; साडेचार हेन्रीच्या दुहेरी पिकअपला ते ३,००० च्या आसपास उतरते व आवाज भरदार, गोलसर होतो. केबल दुप्पट लांब घेतली की शिखर आणखी खाली येते. सबब रोधाबरोबर प्रवर्तकतेचाही आकडा मागून घ्यावा, आणि केबलची लांबी आधी ठरवावी.

एकेरी व दुहेरी हा जो भेद आला, तोच या निवडीतला कळीचा मुद्दा, आणि आरंभी ज्या तंट्याचा निर्देश केला तो येथेच उभा राहतो. आपली वीज सेकंदाला १०० वेळा दिशा पालटते, म्हणजे ५० आवर्तने पुरी करते. वायरी, रोहित्रे, दिव्यांचे मंदक यांच्याभोवती त्याच लयीचे चुंबकीय क्षेत्र पसरते, आणि तारेचा कंप टिपण्यासाठी मांडलेले वेटोळे तेही निमूटपणे टिपते. घाटघरच्या जनित्रांसारख्या यंत्रांनी उत्पन्न केलेली वीज अशा रीतीने गिटारीत गुणगुण होऊन प्रकट होते. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर याने १९५५ साली यावर तोड काढली : दोन वेटोळी शेजारी ठेवायची, एकाचे वेढे दुसऱ्याच्या उलट दिशेने घ्यायचे आणि चुंबकाचे ध्रुवही उलट ठेवायचे. तारेचा संकेत दोन्ही बाबतीत उलटत असल्यामुळे बेरजेत जमा होतो. बाहेरून आलेली गुणगुण एकाच बाबतीत उलटत असल्यामुळे खर्ची पडते. त्याची सनद १९५९ साली मिळाली. दरम्यान त्या पिकअपच्या तळाशी 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी जी कारकुनी चिठ्ठी डकवली जात असे, तिच्याच नावाने ते जुने पिकअप आज संग्राहक अव्वाच्या सव्वा किमतीला घेतात.

या दोन कुळांच्या मधे १९४६ चा पी-९० हा पिकअप येतो : वेटोळे एकेरी, म्हणून गुणगुणणारा, पण रुंद व सुमारे १०,००० वेढ्यांचा, म्हणून आवाजाला खरखरीत वजन असलेला. लॅरी डिमार्झिओ याने १९७२ च्या सुमारास प्रखर फेराइट चुंबकाचा व जादा वेढ्यांचा दुहेरी पिकअप विकण्यास आरंभ केला आणि कारखान्याने बसवलेला पिकअप काढून मनाजोगता बसवण्याचा प्रघात तेथून बळावला. ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे, म्हणजे अल्निकोचे, चुंबक तुलनेने सौम्य समजले जाते. फेराइटचे अधिक कडक. तरी चुंबकाच्या जातीवरून गुणदोषांचा निवाडा करू नये. वेढे आणि चुंबक यांचा मेळ पाहावा.

यापुढचा विषय जागेचा. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर घोडीपासून १६२ मिलिमीटरवर, म्हणजे चौथ्या हिश्श्यावर, पिकअप ठेवला तर मोकळ्या तारेचा दुसरा अंशस्वर तेथे पूर्ण झोक्यात असतो आणि चौथा शून्य असतो. त्यामुळे दांड्याजवळचा नाद बासरीसारखा पोकळ व गोड होतो. घोडीजवळ मूलस्वराचा झोका अल्प व वरच्या अंशस्वरांचा वाटा मोठा, म्हणून तेथला नाद तिखट. चोवीस पडद्यांची हौस असणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे, की चोविसावा पडदा नेमकी तीच चौथ्या हिश्श्याची जागा अडवतो व पिकअपला घोडीकडे सरकावे लागते; बावीस पडद्यांवर समाधान मानले तर ती जागा मोकळी राहते. तसेच घोडीवर पहिल्या व सहाव्या तारेतले अंतर कोठे ५०, तर कोठे ५२-५३ मिलिमीटर असते. ते पिकअपच्या खांबांशी, म्हणजे त्याच्या सहा चुंबकांशी वा स्क्रूंशी, जुळले नाही तर कडेच्या तारा दुबळ्या वाजतात. पिकअप तारेच्या अति निकट आणला तर चुंबक तारेलाच ओढून धरते व सूर बेसूर होतो. दाबलेल्या तारेखाली दोन-अडीच मिलिमीटर जागा मोकळी सोडणे हे सर्वसाधारण प्रमाण. लाकडाविषयी वाद पुष्कळ आहेत. परंतु अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यातील धुवांधार पावसाळ्यात न वाकणारे, नीट मुरलेले व वाळलेले लाकूड घ्यावे, आणि पिकअप निकेलच्या झाकणाचा घ्यावा, म्हणजे घाम व दमट हवा यांनी आतले लोखंड लवकर गंजणार नाही, एवढे निर्विवाद आहे.

आता निवाडा. राजूरसारख्या ठिकाणी ही गिटार वाजणार ती बहुधा उत्सवाच्या मांडवात, जनरेटरच्या विजेवर, दिव्यांच्या माळांशेजारी. तेथे एकेरी पिकअपचा हट्ट धरणे म्हणजे गुणगुणीला आवतण देणे होय. माझी शिफारस अशी : धडात दोन्ही जागी दुहेरी पिकअपच्या मापाची खोबण कोरून घ्यावी, कारण पी-९० आणि एकेरी पिकअपही त्या मापाच्या चौकटीत मिळतात आणि पुढे फेरफार करायचा तर छिन्नी पुन्हा हाती घ्यावी लागत नाही. घोडीजवळ ८ किलोओहमच्या आसपासचा, अल्निको चुंबकाचा, चार वायरी बाहेर काढलेला दुहेरी पिकअप बसवावा, म्हणजे एका कळीने त्याचे एकच वेटोळे चालू ठेवता येईल. दांड्याजवळ त्याहून किंचित कमी वेढ्यांचा घ्यावा. आवाजाचे व स्वरछटेचे पॉट (फिरवून रोध बदलणाऱ्या घुंड्या) ५०० किलोओहमचे असावेत. २५० चे एकेरीला शोभतात. अतिप्रबळ पिकअपवर पैसा घालू नये. प्राबल्य ध्वनिवर्धकातून मिळते, वेटोळ्यात हरवलेली बारकाई कोठूनच परत मिळत नाही.

आणि पिकअपच्या खरेदीआधी एक बंदोबस्त अवश्य करावा. गिटारीच्या तारा घोडीमार्गे ध्वनिवर्धकाच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. मांडवातले अर्थिंग सदोष असेल तर तारांवर हात व मायक्रोफोनवर ओठ ठेवणाऱ्या वादकाच्या देहातूनच वीज वाट काढू शकते. कार्यक्रमापूर्वी जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि त्याचा खर्च वाद्याच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीवर मांडा.