कागद बाहेर येईपर्यंत

सकाळी 8:40

म्हैसूरचा सय्याजीराव रोड ओलांडत होतो. देवराज मार्केटकडून मोगऱ्याच्या टोपल्या येत होत्या आणि फोन वाजला. मंडी मोहल्ल्यातल्या अगरबत्तीच्या घाऊक दुकानातला पोरगा होता. "भाई, लेबल पो नाव नै आरा. खाली कोड आरा."

त्याला फोटो पाठवायला सांगितलं. लेबलवर मालाचं नाव नव्हतं, बारकोड नव्हता. होती ती माझीच अक्षरं, ^एक्सए, ^एफओ, ^एफडी, एकाखाली एक. प्रिंटरनं पाळायचे हुकूम त्यानं वाचून दाखवावेत तसे कागदावर उतरले होते. दुकानात पोचायच्या आधीच कारण कळलं.

9:15

दुकानात नवा संगणक आलाय. मालकाच्या पुतण्याला माझ्या फोल्डरमध्ये लेबलाची फाइल सापडली. ती त्यानं उघडली आणि नेहमीसारखी प्रिंट दिली. त्याचं काही चुकलं नाही. आपण सगळे असंच छापतो. प्रोग्राम पान मांडतो, ड्रायव्हर त्याचं प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करतो आणि स्पूलर ते नेऊन पोचवतो. इथं मात्र फाइल आधीपासूनच प्रिंटरच्या भाषेत, म्हणजे झेडपीएलमध्ये लिहिलेली होती. ड्रायव्हरला ते साधं मजकुराचं पान वाटलं आणि त्यानं त्या अक्षरांचं चित्र काढून पाठवलं.

अशा फाइलला मधला कोणी नको असतो. विंडोजमध्ये त्यासाठी जुनी, सरळ वाट आहे. ओपनप्रिंटरनं प्रिंटर उघडायचा, स्टार्टडॉकप्रिंटरला प्रकार 'रॉ' सांगायचा, राइटप्रिंटरनं बाइट जसेच्या तसे ओतायचे आणि सगळं नीट बंद करायचं. रॉ म्हटलं की ड्रायव्हर बाजूला सरतो आणि स्पूलर फक्त हमाली करतो. पोत्यात काय आहे ते तो पाहत नाही.

मला हे काम आवडतं ते त्यामुळेच. म्हैसूरमध्ये माझ्या घरात मराठी, गल्लीत दखनी, कचेरीत कन्नड. ज्याची भाषा त्याच्याशी बोलायची सवय लहानपणापासून आहे. प्रिंटरशीही तसंच बोलावं लागतं.

10:30

नव्या संगणकावर प्रोग्राम बसवला आणि पाठवलं. रांगेत काम दिसलं, नाहीसं झालं. राइटप्रिंटर म्हणाला, यशस्वी. कागद हलला नाही.

अर्धा तास गेला. लेबलाचा साचा नीट करताना मी शेवटची ओळ, ^एक्सझेड, पुसली होती. ती मिळेपर्यंत प्रिंटर लेबल संपलं असं मानतच नाही. तो वाट बघत बसतो, चूक सांगत नाही. या 'यशस्वी'नं मला पूर्वीही फसवलंय. त्याचा अर्थ इतकाच, की स्पूलरनं माल घेतला. कागदाबद्दल तो काहीच सांगत नाही. दुकानदाराला स्पूलरशी देणंघेणं नाही, त्याला खोक्यावर चिकटवायला लेबल हवं.

म्हणून आज स्पूलरचाच नाद सोडला. प्रिंटरला नेटवर्कची तार होतीच. सरळ पोर्ट 9100 वर जोडणी उघडली. इथंही बाइट जसेच्या तसे जातात, पण उलट प्रश्नही विचारता येतो. ~एचएस पाठवलं की प्रिंटर स्वतः सांगतो: कागद संपलाय का, डोकं उघडं आहे का, रिबन आहे का, किती लेबलं बाकी आहेत. आता उत्तर आल्याशिवाय माझा प्रोग्राम 'झालं' म्हणत नाही.

12:00

मालकांची जुनी तक्रार: महिन्याभरात लेबल फिकं पडतं. थर्मल कागदात शाई नसते, उष्णतेनं कागदावरचा थरच काळा होतो. त्या थराला ऊन, तेल आणि सुगंधी द्रव्यं मानवत नाहीत. इथं तर गोदामभर सुगंध. तो पातळ करायला वापरतात ते डीईपी प्लास्टिक मऊ करणारं रसायन आहे, आणि असली रसायनं थर्मल छपाईची वैरीच. दोन लेबलं काढली, एक थेट उष्णतेचं, एक रिबनचं. दोन्हींवर सुगंधी तेलाचं बोट फिरवून फळीवर ठेवली.

(न पुसली जाणारी निवडणुकीची शाई याच शहरात बनते. 1937 साली सुरू झालेला तो सरकारी कारखाना 1962 पासून ती पुरवतो. पुसट लेबल हातात घेतलं की त्याची आठवण येतेच.)

दुपारी 2:00

हे काम सगळ्यात वेळखाऊ. पंढरपूरला जाणाऱ्या मालावर मराठी नाव हवं, इथल्या मालावर कन्नड. प्रिंटरच्या पोटातल्या फाँटमध्ये दोन्ही लिप्या नाहीत. यूटीएफ-8 मध्ये यातलं एकेक अक्षरचिन्ह 3 बाइट घेतं, आणि न समजणाऱ्या प्रिंटरवर त्याची भलतीच चिन्हं उमटतात. फाँट भरला तरी जोडाक्षरं आणि काना-मात्रा जागेवर बसतील याची खात्री नसते.

तेव्हा नाव संगणकावरच चित्र म्हणून काढायचं. 203 डीपीआयच्या प्रिंटरवर मिलिमीटरला 8 ठिपके. 50 बाय 25 मिलिमीटरचं लेबल म्हणजे 400 बाय 200 ठिपके. एका ओळीला 50 बाइट, सगळं मिळून 10,000. ते ^जीएफ या हुकमात षोडशमान अंकांत लिहिले की 20,000 अक्षरं होतात. म्हणून चित्र फक्त नावापुरतं ठेवलं. किंमत, वजन आणि बारकोड प्रिंटरनंच काढायचे. त्यानं काढलेल्या बारकोडच्या रेघा ठिपक्यावर ठिपका बसतात, स्कॅनर अडखळत नाही.

'चंदन'वरचा अनुस्वार पहिल्या खेपेला कापला गेला. चौकट 6 ठिपक्यांनी वाढवली.

4:15

दोन गल्ल्या पलीकडे धान्याचे व्यापारी. त्यांच्याकडे डॉट मॅट्रिक्स अजून खडखडतोय आणि तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं. मालाच्या जीएसटी बिलाच्या तीन प्रती लागतात: गिऱ्हाइकाची, वाहतूकदाराची, स्वतःची. सुई कार्बनवर आपटते आणि तिन्ही एका दमात निघतात. 15 क्रमांकाचा बाइट पाठवला की अक्षर बारीक, 18 पाठवला की पूर्ववत.

त्यांची तक्रार अशी, की नवं बोधचिन्ह छापताना बिल मध्येच तुटतं. त्यांची जुनी बॅच फाइल कॉपीच्या आज्ञेनं बिल प्रिंटरला पाठवते. त्या आज्ञेत '/बी' नव्हतं. ते नसलं की 26 क्रमांकाचा बाइट म्हणजे फाइलचा शेवट असं धरलं जातं. नुसत्या मजकुरात तो कधी आला नव्हता, चित्रात आला. एक अक्षर घातलं, पाच मिनिटांचं काम. पैसे घ्यायला मन होईना. त्यांनी तूरडाळ बांधून दिली.

7:00

परत अगरबत्तीच्या दुकानात. फळीवरच्या थेट उष्णतेच्या लेबलावर तेलाचं बोट फिरलं होतं तिथली अक्षरं फिकी झालेली. रिबनचं लेबल काळंभोर. मालकांनी दोन्ही दिव्याखाली धरली आणि पुतण्याला रिबनच्या पेटीची ऑर्डर द्यायला सांगितलं. मी साच्यात ^एमटीडी होतं तिथं ^एमटीटी केलं.

पंढरपूरची 40 खोकी दारात थांबलेली. लेबलं सोडली. पोरगा पहिलं उचलून म्हणाला, "भाई, ये क्या लिखा है?" मी वाचून दाखवलं. त्यानं एकदा माझ्यामागून म्हटलं आणि खोक्यावर चिकटवलं.

~एचएसनं सांगितलं, बाकी शून्य. तरी प्रिंटरजवळ उभा राहून मी चाळीसही मोजली.