ओढाल तर अडेल, फिरवाल तर सुटेल

शहाद्याच्या रस्त्यांवरून पपई आणि केळी भरून जाणाऱ्या पिकअप गाड्या तुम्ही नेहमी पाहता. अशा गाडीत इंधन ओतण्याच्या तोंडापासून टाकीपर्यंत एक जाड रबरी नळी गेलेली असते. कालांतराने तिला चिरा पडतात व ती बदलावी लागते. मेकॅनिक तिच्या टोकांवरील क्लिपा सैल करतो, तरी नळी लोखंडी तोंडावरून हलत नाही. शिकाऊ मुलगा जोराने ओढू लागतो, तेव्हा तर ती अधिकच आवळते! असे का व्हावे?

रबर ताणले की लांब होते, पण त्याचे घनफळ जवळजवळ तेवढेच राहते. म्हणून त्याची जाडी व रुंदी घटते. या दोन बदलांच्या प्रमाणाला फ्रेंच गणिती प्वासाँ (१७८१–१८४०) यांच्या नावाने ओळखतात. रबराच्या बाबतीत हे गुणोत्तर सुमारे ०.५ आहे. म्हणजे लांबी १० टक्के वाढली, तर व्यास सुमारे ५ टक्के घटू पाहतो. आत लोखंडी तोंड असल्याने नळीला बारीक होता येत नाही. ती त्याला आवळते. दाब वाढला की घर्षणही वाढते. याउलट, नळीची कड बोथट हत्याराने पुढे ढकलली, तर रबर दबून फुगते व पकड सैल होते.

दुसरी युक्ती पिळण्याची. घर्षण नेहमी सरकण्याच्या दिशेविरुद्ध असते. नळी गोल फिरू लागली की घर्षणाचा बहुतेक भाग त्या फिरण्याला विरोध करण्यात गुंततो. मग ती बाहेर काढण्यास थोडाच जोर पुरतो. बोटात रुतलेली अंगठी आपण फिरवत फिरवतच काढतो ना?

सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलवर चढवा. तो आधी मोकळ्या टोकाने ओढा, मग कडेने नखाने ढकला, शेवटी पिळा. फरक बोटांनाच कळेल.

प्रत्यक्ष गाडीवर मात्र हा प्रयोग करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत दूरच्या शेगडीपर्यंतही पोचू शकते. हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असले, की एक ठिणगी पुरते. म्हणून रिकामी वाटणारी टाकीही धोक्याचीच. डिझेल निर्धोक, असेही समजू नका. भारतीय मानकानुसार त्याचा प्रज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि शहाद्याचा उन्हाळा तर ४० अंश ओलांडतो! म्हणून जाणकार मेकॅनिक हे काम उघड्या हवेत करतो. आधी बॅटरीची ऋण तार सोडतो, इंधन झाकणाच्या डब्यात काढतो, जवळपास विडी पेटवू देत नाही आणि नळी निघताच टाकीचे तोंड बंद करतो.

त्याच्या हाताला हे नियम सवयीने ठाऊक असतात. त्यांची कारणे मात्र तुमच्या पाठ्यपुस्तकातील घर्षण आणि स्थितिस्थापकता या प्रकरणांत सापडतील.