वीतभर उंचीचा बांबू

पहिल्या दिवशी उडी बघायला मिळालीच नाही. सकाळचे साडेसहा वाजलेले, पोलिस मुख्यालयामागचं मैदान, गवतावर दव. श्वान पथकातले हस्तक उकिडवे बसून तळव्यानं गवत चाचपत होते. दोन-तीन ठिकाणी दाबून बघितलं आणि उठले. "आज नाही ताई. ओलं आहे. पाय सटकला तर दोन महिने घरी." मग दहा महिन्यांच्या डॉबरमनला घेऊन त्यांनी मैदानाला चार फेऱ्या मारल्या आणि ते परतले. तिचं कागदोपत्री नाव इंग्रजी आहे, हे मात्र तिला जुई म्हणतात. हुकूम इंग्रजीत, लाड मराठीत.

माझ्या डोक्यात पोलिसांचा कुत्रा म्हणजे प्रजासत्ताक दिनाला पेटत्या रिंगणातून झेपावणारा. तसं बोलूनही दाखवलं. हस्तक हसले. "लोकांना तेच आवडतं. झंजीर ऐकलाय ना, मुंबईचा? १९९३ च्या स्फोटांच्या वेळचा. तीन हजार किलोच्या वर आरडीएक्स हुडकलं त्यानं. ते काय रिंगणातून उड्या मारून?"

झंजीर लॅब्रेडॉर होता, पुण्यात शिवाजीनगरच्या केंद्रात शिकलेला, आणि कमाई सगळी नाकाची. मग उडी शिकवायचीच कशाला? "ट्रकच्या हौद्यात कोण चढणार? माग काढताना बांध येतो, गटार येतं, पडकी भिंत येते. ती उडी मारणारच. आपण शिकवली नाही तर स्वतःच्या मनानं मारेल."

तिसऱ्या दिवशी मैदान कोरडं मिळालं. आधी दहा मिनिटं नुसतं चालणं, मग दुडकी चाल, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणं. पोट रिकामं, खाऊन उड्या मारणं खोल छातीच्या कुत्र्यांना धोक्याचं, जठराला पीळ पडला तर काही तासांत जीव जातो. गळ्यातली साखळी काढली, छातीचा पट्टा चढवला. बांबूत साखळी अडकली तर सगळा झटका मानेला बसतो. नखं आदल्या दिवशीच कापलेली.

मग चार बांबू जमिनीवर आडवे टाकले, एकेक तिच्या उंचीइतक्या अंतरावर. उडी नाहीच. नुसतं त्यांवरून चालत जायचं. पहिल्या फेरीत जुईची नजर पूर्णवेळ हस्तकांच्या चेहऱ्यावर, कारण खाऊ तिथून येतो. पुढचे पाय बांबूंच्या पलीकडे पडले, मागचे थेट बांबूवर. खडखडाट. ती दचकून मागं वळली, जणू कुणी खोडी काढली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या खेपेला मान खाली गेली, पावलं मोजून पडायला लागली आणि मागचा डावा पाय हवेत क्षणभर थांबून बांबू ओलांडून गेला. "पाहिलंत? आत्ता कळलं तिला, मागंही दोन पाय आहेत."

मला हे गमतीनं म्हटल्यासारखं वाटलं, पण ते शब्दशः खरं आहे. लहान कुत्र्याला पुढच्या पायांचं भान असतं, मागचे नुसते फरफटत येतात. तेच उडीत आडव्या काठीला आपटतात.

चार दिवसांनी दोन्हीकडे दोन-दोन आडव्या विटा आणि त्यांवर बांबू आला. उंची वीतभरही नाही. बांबू नुसता टेकवलेला, बांधायचा कधीच नाही. पायाचा धक्का लागला तर तो पडला पाहिजे, कुत्रं नाही. पायथ्याशी आणखी एक बांबू जमिनीवर, म्हणजे झेप कुठून घ्यायची त्याचा अंदाज येतो. दोन्ही बांबूंना पिवळा रंग. कवायतीच्या जुन्या काठ्या लाल-पांढऱ्या होत्या. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, तांबडा आणि हिरवा मात्र जवळपास एकाच मळकट छटेचे. गवतावरची लाल काठी आपल्याला उठून दिसते, तिला नाही.

"इतकं खाली ठेवून काय शिकणार?" असं मी विचारलं. उत्तर हाडांत आहे. वाढत्या कुत्र्याच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे मऊ पट्टे असतात. हाड तिथून लांबतं. मोठ्या जातींत ते पट्टे पक्के व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर तिथे दुखापत झाली तर हाड आखूड राहतं किंवा वाकडं वाढतं. आंतरराष्ट्रीय अडथळा-शर्यतींतही १८ महिन्यांच्या आतल्या कुत्र्याला उतरू देत नाहीत. म्हणून वर्षापर्यंत उंची पुढच्या पायाच्या कोपराखालीच, आणि दिवसाला पाच-सहा उड्या. पूर्ण वाढ झालेला कुत्रा मीटरभराचा अडथळा सहज घेतो, पण ते पुढच्या वर्षी.

"आता डोळे मिटा आणि ऐका," हस्तक म्हणाले.

मिटले. "जंप!" पावलांची दुडदुड, एक पोकळी, मग 'धप्प'. पुन्हा. पुन्हा 'धप्प'. चौथ्या वेळेला आवाज वेगळा आला: 'ट-टप', दोन हलके ठोके एकामागोमाग. डोळे उघडले तर हस्तक हसत होते. पुढचे दोन्ही पाय एकदम आदळले की 'धप्प'. एक आधी, दुसरा निमिषभरानं, की भार वाटला जातो. कुत्र्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं म्हटलं तरी चालेल. त्याचे खांदे धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेले. उतरताना सगळं वजन या दोन काटकुळ्या पायांवर आणि त्या स्नायूंच्या झोळीवर येतं. उडीची परीक्षा जमिनीवर होते. हवेतला भाग फोटोपुरता.

'धप्प' जाऊन 'ट-टप' कसं आलं? हस्तकांनी फक्त चेंडूची जागा बदलली होती. आधी चेंडू हातात, छातीपाशी. ती उडी मारताना मान वर करून तिकडे बघायची, पाठ पोकळ व्हायची, पाय ताठ. नंतर त्यांनी चेंडू बांबूपलीकडे दहा-बारा पावलांवर सरळ रेषेत गवतात ठेवला. मान खाली आली, पाठीला कमान आली, पाय आपोआप दुमडले. हवेत चेंडू फेकणं तर वर्ज्यच. हवेत अंग पिळवटून एका पायावर उतरायची सवय तिथूनच लागते.

इथे मी गप्प झाले. माझ्या घरी गच्चीवर हाच खेळ मी दोन वर्षं खेळले आहे: चेंडू उंच उडवायचा, कुत्र्यानं गिरकी घेऊन झेलायचा, पाहुण्यांनी टाळ्या वाजवायच्या. एका संध्याकाळी तो उतरला आणि मागचा उजवा पाय टेकवेना. गुडघ्यातला स्नायुबंध तुटला होता. डॉक्टरांनी विचारलं, पडला का कुठून? मी "हो" म्हणाले.

एकदा जुईनं बांबूला वळसा घातला. मला वाटलं, आता ओरडा बसणार. हस्तकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. वाकून एकेक वीट काढली आणि उंची निम्मी केली. "वळसा घातला म्हणजे ती काहीतरी सांगते. दुखत असेल, घाबरली असेल, नाहीतर मीच उशिरा हुकूम दिला असेल." त्यांनी तिचं पाऊल उचलून बोटांच्या बेचक्या तपासल्या. काटा निघाला, बाभळीचा, बारीकसा. त्या दिवशीचं काम तिथंच संपलं.

जीप मैदानाच्या कडेला उभी होती, मागचं फळकुट पाडलेलं. जुई आत बसून मुख्यालयाच्या फाटकापर्यंत येते आणि रोज उतरते ती डांबरावर. मैदानावर वीतभर बांबू आणि इथे कमरेएवढी उंची, तीही दिवसातून चार वेळा. फळकुट पडलं की ती कडेला येऊन कान टवकारते, मागचे पाय आत ओढून घेते. हस्तक "स्टे" म्हणतात, एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांखाली घालतात आणि पंचवीस किलोचं ते धूड कुरकुरत खाली ठेवतात. कंबर धरून दोन मिनिटं तसेच उभे राहतात. फळीचा उतार करून द्या, असा अर्ज त्यांनी दिलेला आहे.