मोटारीतील लहान डिझेल इंजिन आणि त्याची निगा



उसाचे बिल हाती आले, किंवा एखाद्या साली डाळिंबाने साथ दिली, की आपल्या सोलापूर जिल्ह्यात घरात एक विषय हमखास निघतो. एखादी जुनी चारचाकी घ्यावी का? म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायचे असते, पंढरपूरची वारी असते, मुलीचे सासर लांब असते. मग कोणीतरी एक जुनी डिझेल मोटार दारात आणून उभी करतो आणि म्हणतो, "पाहुणं, इंजिनाला तोड नाही. डोळे झाकून घ्या." आज आपण डोळे उघडे ठेवून त्या इंजिनाकडे पाहू.

अशा मोटारीत फार वेळा एकच इंजिन सापडते. इटलीच्या फियाट कंपनीने ते २००३ साली आणले आणि त्याला मल्टिजेट असे नाव दिले. मारुतीने २००७ साली ते स्विफ्ट गाडीत बसवले. टाटांनी २००८ साली इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट या नावाने घेतले. नावे निरनिराळी, पण मूळ इंजिन एकच. आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. १ एप्रिल २०२० पासून देशात धुराचे नवे कडक नियम लागू झाले आणि त्याच सुमारास मारुतीने डिझेल मोटारी बनवणे थांबवले. म्हणून आज हे इंजिन आपल्यापुढे येते ते बहुधा वापरलेलेच. आधीच्या मालकाने ते कसे वापरले, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

आता त्याचे मोजमाप पाहू. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित फळ्यावर जरूर घालावे. या इंजिनात चार सिलिंडर आहेत. एका सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर, आणि त्यात दट्ट्या ८२ मिलिमीटर वरखाली होतो. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र लावा. उत्तर येते सुमारे ३१२ घन सेंटिमीटर, म्हणजे पाणी पिण्याच्या मोठ्या पेल्याएवढी जागा. चार पेले मिळून १२४८. इंजिनाच्या कागदावर लिहिलेला आकडा तो हाच.

एवढ्याशा जागेतून चार-पाच माणसे ओढण्याची ताकद येते कोठून? सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने दाबून धरा आणि जोराने दट्टा मारा. पंप गरम लागतो. डिझेल इंजिनाचे मर्म एवढेच आहे. आत घेतलेली हवा सतरा-अठरा पट दाबली जाते, ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. ठिणगी लागत नाही. हा फवारा चौदाशे ते सोळाशे बार दाबाने सुटतो. मोटारीच्या चाकात हवा असते दोन बारांच्या आसपास, यावरून अंदाज करा. शिवाय डिझेल एकदम न सोडता थोडे थोडे, पाच वेळांपर्यंत विभागून सोडता येते. त्यामुळे खडखडाट कमी होतो आणि इंधनही वाचते.

आता टर्बो. आपण गुऱ्हाळ पाहिले आहे. रस काढून झाला की उरलेले चिपाड आपण फेकत नाही. ते वाळवून त्याच कढईखाली चुलाणात घालतो. टर्बो हेच करतो. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एका लहान चाकाला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक असते. ते लोहाराच्या भात्याप्रमाणे बाहेरची हवा कोंबून आत घालते. हवा जास्त, म्हणून डिझेलही जास्त जळते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. वाया जाणाऱ्या धुराचे हे चीज आहे.

स्विफ्टमधील या इंजिनाची शक्ती ७५ अश्वशक्ती, आणि ती मिनिटाला ४००० फेऱ्यांना मिळते. पिळण्याचा जोर १९० न्यूटन मीटर. म्हणजे एक मीटर लांबीचा पाना नटाला लावून टोकाला साडेएकोणीस किलोचे ओझे टांगावे, तेवढा. हा जोर मात्र २००० फेऱ्यांनाच मिळतो, आणि तेव्हाच इंजिन सुमारे ५४ अश्वशक्ती देत असते. म्हणून इंजिन उगाच रडवण्याची गरज नाही. उलट फार कमी फेऱ्यांत वरचा गिअर टाकून चढ चढवू नये. तेथे टर्बोला पुरेसा धूरच मिळत नाही.

मग हे इंजिन टिकते का? टिकते, पण एका अटीवर, आणि ती अट म्हणजे ऑईल. टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेऊ शकतो आणि तो तरंगतो ऑईलच्या पातळ थरावर. झडपांची वेळ सांभाळणारी साखळी, जिला मिस्त्री टायमिंग चेन म्हणतात, तीही ऑईलच्याच दाबाने ताणलेली राहते. ऑईल तीन लिटरांच्या आसपास. ते जुने झाले, डांबरासारखे घट्ट झाले किंवा पातळी खाली गेली, की साखळी झिजते, सैल पडते आणि घसरली तर झडपा दट्ट्यावर आदळतात. हजार-दोन हजार रुपये वाचवण्यासाठी ऑईल लांबवायचे आणि मग इंजिन उघडण्याचा खर्च करायचा, हा व्यवहार कोणत्या शेतकऱ्याला परवडेल?

दुसरी गोष्ट हवा. २००० फेऱ्यांना हे इंजिन टर्बोवाचूनही मिनिटाला सुमारे १२५० लिटर हवा घेते, तासाला पाऊण लाख लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर आणि पाणंदीत घोटाभर फुफाटा. तेव्हा पुस्तकात दहा हजार किलोमीटर लिहिले असले, तरी धुळीच्या वाटेवर हवेचा फिल्टर आणि ऑईल त्याआधीच पाहावे.

रोजच्या सवयी सोप्या आहेत. सकाळी गाडी चालू करताच रेस देऊ नये. अर्धा मिनिट थांबावे, म्हणजे ऑईल वरपर्यंत पोचते. पुण्याहून भरधाव आलात तर दारात येऊन लगेच किल्ली फिरवू नका. मिनिटभर इंजिन सावकाश चालू द्या. तापलेला टर्बो ऑईलवर निवतो. डिझेल खात्रीच्या पंपावर भरा आणि डिझेल-फिल्टरमध्ये साचलेले पाणी वेळच्या वेळी काढा. एवढ्या दाबाच्या फवाऱ्याला पाण्याचा थेंबही सोसत नाही.

आणि जुनी गाडी घेताना? मालकाला सांगा, "आम्ही सकाळी येतो, तोवर गाडी चालू करू नका." बॉनेटवर हात ठेवून ती थंड आहे ना, ते पाहा. चालू होताच पुढून साखळीचा खळखळाट आला आणि तो थांबेना, तर सावध व्हा. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. ऑईलची कांडी काढून पाहा. डिझेल इंजिनात ऑईल काळे होणारच, त्याला भिऊ नका. पण पातळी खाली असेल, चिकट गाळ असेल, तर आधीच्या मालकाने काय केले ते कांडीच सांगते. ऑईल केव्हा बदलले याची पावती मागा. पावती नाही, नुसती रंगरंगोटी आहे, तर पैसे खिशातच बरे.

बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. कोणी कितीही वर्णन केले तरी झुलीवर भुलून सौदा करीत नाही. मोटार घेताना तीच नजर ठेवा. आणि घेतल्यावर बैलाच्या वैरणीइतकीच ऑईलची आठवण ठेवा. मग हे छोटे इंजिन तुमच्या घरात पुष्कळ वर्षे इमानाने राबेल.